पडवीतली चिलटं

१४ नोव्हेंबर
...आक्कानं पाठवलेला फोटो आणखी मोठा केला. मिशा पिसासारख्या. नर. लांब सोंड नाही. पुढचे दोन पाय उचललेले. डास मागचे उचलतो. तिन्ही फोटोंत तेच. कागलला आक्काला फोन केला. डास नव्हेत, चिलटं. तळ्यावरून येतात. चावत नाहीत.
"आगं, तू मराठीची मास्तरीण. किड्यातलं तुला काय कळतंय?"
निवृत्त झाल्यापासून हेच करते, म्हटलं. लोक फोटो पाठवतात, मी नाव सांगते.
"बरं झालं बाई. सुनेला सातवा लागलाय. मच्छरदाणीत गुदमरतंय म्हणतीया. काढून टाकते."
काढ, म्हटलं.

१७ नोव्हें.
गगनबावड्याहून एकानं किड्याचा फोटो पाठवला. डोकं धूसर. 'सांगता येत नाही' असं कळवलं. हे वाक्य लिहिताना बरं वाटतं. का, कोण जाणे.

२३ नोव्हें.
दुपारी आक्का. सुनेला कालपासून ताप. हातापायांवर चावल्याच्या गांधी.
"चावत न्हाईत म्हणालीस न्हवं?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.
तिन्ही फोटो पुन्हा पाहिले. चिलटंच. ओळख बरोबर. अर्धा तास तेवढ्यावर समाधानी होते. मग फोन केला. फोटो कुठं काढलेस?
"पडवीत, ट्यूबखाली. भिंतीला नवा चुना हाय, झ्याक दिसत्यात."
"सून निजते कुठं?"
"तिची खोली गोठ्याला लागून हाय की. तिथं अंधारात फोटूत काय दिसतंय, माती?"
चिलटं उजेडाला येतात. ती पडवीत आली. गोठ्यातले डास गोठ्यातच राहिले. भिंतीवरच्या तीन किड्यांवरून मी घरभराचं उत्तर दिलं. कुठं काढले, एवढं विचारलं असतं तर...
मच्छरदाणी आजच बांध, म्हटलं. कारण सांगितलं नाही. ती सुनेला घेऊन डॉक्टरकडे निघाली होती.

२४ नोव्हें.
सकाळी पहिल्या एसटीने कागल. सुनेचा ताप एकशे एक. बाळ हलतंय म्हणते. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी. आक्का चुलीपाशी होती. चूक माझी, असं सांगितलं. कशी तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.
"कळलं. आता हिच्यापाशी बस. म्हशी तटल्यात, धार काढून येते."
बसले.