हळदीच्या पानातलं पाखरू

माय, तुझ्या हळदीची पानं गुंडाळली जाऊ लागली त्या वर्षी मी चौथीत होते. परसात विहिरीच्या सांडपाण्यावर तू हळद लावायचीस आणि वर्षभर घरात तीच पुरायची. पाऊस चांगला झाला होता, पानं माझ्या खांद्याला लागत होती, आणि जिकडे बघावं तिकडे पानाची कड दुमडून कुणीतरी रेशमाच्या धाग्यानं टाचलेली. "उकल अन् चिरडजो," असं सांगून तू पुढच्या ओळीत गेलीस. मी एक पान उकललं. आत हिरवी अळी, डोकं काळं, अंग इतकं नितळ की पोटातली हालचाल दिसावी. मला चिरडवेना. पान तसंच परकराच्या ओच्यात घातलं आणि घरी कणगीमागे टोपलीखाली झाकून ठेवलं.

तुला ते लगेच सापडलं. "मी वाफ्यातून काढून राह्यली अन् तू घरात पाळून राह्यली?" असं म्हणत तू पान उचललंस. मला वाटलं, आता ते चुलीत जाणार. पण तू ते दारातल्या उजेडात धरलंस आणि उलटसुलट करून पाहिलंस. मग म्हणालीस, "इचं तर आतलं सारं दिसते. एकच ठेवजो. दुसरी दिसली तर पाह्य." त्यानंतर मी शाळेतून यायच्या आत टोपलीखाली ताजं पान असायचं. काही दिवसांनी अळीनं पानाची सुरळी केली आणि आत कोशात गेली.

पोळ्यानंतर ताईला पाहायला गिरडकडचे पाहुणे येतात. ओसरीवर बाबा त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत आहेत, चुलीवर चहा उकळतो आहे, ताई नव्या लुगड्यात अवघडून बसली आहे. कपबशा घ्यायला तू कणगीकडे जातेस आणि सहज टोपली उचलून पाहतेस. "पोरीहो, इकडं या," तू हळूच म्हणतेस. सुरळीतल्या पांढऱ्या भुकटीनं माखलेल्या कोशातून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर येत असतं. आपण तिघी उकिडव्या बसतो. पंख सावकाश उलगडतात, गडद तपकिरी, मागच्या पंखांवर पांढराशुभ्र ठिपका. मिशांची टोकं आकड्यासारखी वळलेली. चहा आटतो, कुणाच्या लक्षातही येत नाही.

मुलाची आई आत आली तेव्हा ताईचा पदर डोक्यावरून खाली आलेला आणि तू जमिनीपर्यंत वाकलेली. "काऊन जी, चहा नाई झाला?" तिनं विचारलं. सोयरीक गेली, असं ताईच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. तू सारवासारव केली नाहीस. "हयदीची कीड होय, बाई. धाकटीनं पाळली. आता पाखरू निघून राह्यलं, म्हून चहा राह्यला."

ती बाई तुझ्याकडे पाहतच राहिली, मग लुगडं सावरून आपल्याशेजारी बसली. "आमच्याकडंबी हयद हाय, पण असं कधी पाह्यलं नाई," ती म्हणाली. पंख वाळले तसं पाखरू उडालं, पाण्यावर भिरकावलेल्या चपट्या खड्यासारखं टप्पे घेत, तिच्या खांद्यावरून परसात गेलं, आणि हळदीच्या पानावर पंख अर्धे उघडून बसलं.

"आता माह्याच हयदीवर अंडे घालन," तू म्हणालीस, आणि दोघी अशा हसलात की ओसरीवरचं बोलणं थांबलं. दुसरा चहा तिनंच ठेवला. होकारही तिनं तुझ्या चुलीपाशीच देऊन टाकला, बाप्यांना मागाहून कळला. ताईचा संसार त्या घरात सुखाचा झाला.

खरं सांगते, तू असतीस तरी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. शेजारच्या कुणीतरी वाचून दाखवलं असतं, आणि ऐकताना तू कशी हसतेस ते त्याला दिसलं असतं, मला नाही.