कराचीला बोट थांबते

येवला, मंगळवार, ३० जानेवारी १९३४

आज सगळी गल्ली पालथी घातली. हजला निघायचं तर आधी घरोघर जाऊन हात जोडायचे — बोललं-चाललं माफ करा. सावळीराम शेजारच्या मागावर बसतो. तो म्हणाला, "माफ केलं, पण दिवाळीत माझी कातर नेलीस ती तेवढी दे." सिंधुबाई रडायलाच लागली. नवसाबाई म्हणाली, "खाजाभाई, तुमच्यासारखा गरीब माणूस कुणाला काय दुखवणार?"

 अख्ख्या गल्लीची माफी घेऊन आलो. ज्याची पाहिजे तो या गल्लीत राहत नाही.

३१ जानेवारी

लिहूनच टाकतो. बायकोला, खातूनबीला, उर्दू वाचता येतं, बाळबोध येत नाही. म्हणून ही वही मराठीतच बरी.

एकोणीस वर्षं झाली. अब्बांच्या मागावर लग्नाची पैठणी होती, पाच महिन्यांचं काम, पदर निम्मा उतरलेला. मागाजवळ विडी ओढायची नाही हा घरचा कायदा. अब्बा नमाजाला गेले आणि मी ओढली. ठिणगी पडली. पदराला बोराएवढं भोक.

अब्बा आले. "कुणी?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "भाई बसला होता इथं."

खोटं नव्हतं ते! माझा थोरला भाऊ लियाकतभाई बसला होता, विडीही ओढली होती त्याने — पण तासभर आधी. तो कुराणाची शपथ खाऊन सांगत होता, मी नाही, मी नाही. अब्बांनी त्याच दिवशी त्याला घराबाहेर काढलं. तो कराचीला गेला तो गेलाच. अब्बा वारले तेव्हासुद्धा मी त्याला महिन्याने कळवलं. त्याला लिहितावाचता येत नाही, तरी दर ईदेला कुणाकडून तरी लिहून घेऊन कार्ड पाठवतो. मी एकाचंही उत्तर दिलेलं नाही.

मौलवी म्हणतात, अल्लाचा गुन्हा अल्ला माफ करेल, माणसाचा गुन्हा त्या माणसानेच माफ करायचा. नाहीतर हज कसली, नुसता प्रवास.

बोट कराचीला एक दिवस थांबते.

नाशिक, ५ फेब्रुवारी

दोघांनाही हजसाठीची लस टोचली. दंड सुजलेत. खातूनबीची बहीण अनवरी, तिच्याकडे उतरलोय. दोघी दिवसभर एकच घोकतायत, कराचीत काय काय बघायचं! ट्राम, समुद्र, हलवा. खातूनबीने नाशिकच्या पलीकडचं जग पाहिलेलं नाही. तिचा उत्साह बघवत नाही मला.

जेवताना सहज म्हणाली, "मोठ्या भाईंना कार्ड टाकलंय मी. मौलवींनी लिहून दिलं. बंदरावर येतील ते."

"बरं केलंस," म्हणालो.  खरं सांगायचं तर मनाशी ठरवलं होतं, शोधल्यासारखं करायचं आणि पत्ता सापडला नाही म्हणायचं. तीही वाट बंद झाली.

बोटीवर, ११ फेब्रुवारी

उलट्या. उद्या कराची. पडल्या पडल्या पाठ करतोय — भाई, ती विडी माझी होती. पाच शब्द. एवढं बोलायला काय जातं?

कराची, १२ फेब्रुवारी

सकाळी केमारी बंदरात लागलो. पंजाबी, सिंधी हाजी चढायचे होते, म्हणून आम्हाला पाच वाजेपर्यंत मोकळीक.

भाई पहाटेपासून उभा होता. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठा, पण दिसतो अब्बांएवढा. मिठी मारली तेव्हा हाताला नुसती हाडं लागली. तो हसत होता, रडत होता. "लय वर्सांनी मराठी बोलतोय रं, जीभ अडखळती."

भाईची उंटगाडी आहे. बंदरातला माल वाहतो. आज माल नाही घेतला, आमच्यासाठी गाडी धुऊन वर गोधडी अंथरली होती. उंटाच्या गुडघ्यांना घुंगरं. खातूनबी वर चढून बसली आणि बुरख्याआड अशी हसली की लग्नानंतर तिला तसं हसताना मी ऐकलं नव्हतं.

मग शहर. बंदर रोड, पेट्रोलवर पळणाऱ्या ट्रामा, मोठा घड्याळाचा बुरूज, गुजराथी, पारशी, बलुची, मकरानी, सगळे एका रस्त्यावर. इतके रंग, इतका गलका! भाई प्रत्येक इमारत दाखवताना असं बोलत होता की जणू ती त्यानेच बांधली. "वहिनी, हे बघा. वहिनी, ते बघा." ती बघत होती. मी त्याची पाठ बघत होतो.

सदर नावाच्या बाजारात ती बांगड्या बघायला उतरली. आम्ही दोघंच गाडीवर. आता, म्हटलं. तेवढ्यात तोच म्हणाला, "अब्बांचा माग चालतो ना?"

"चालतो. मीच बसतो."

"चांगलं झालं." उंटाची दोरी आवळत म्हणाला, "मी परत कधी धोट्याला हात नाय लावला."

मी विचारलं, लग्न का केलं नाही. हसला. "घरातून काढलेल्या माणसाला पोरगी कोण देणार?" हे तो हसत म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड उघडलं आणि खातूनबी बांगड्या वाजवत आली.

दुपारी क्लिफ्टनला. टेकडीवर दर्गा, खाली समुद्र. खातूनबी पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवायला गेली. आम्ही दर्ग्यात. फातेहा झाला. आजूबाजूला कुणी नाही. यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार होती? मी म्हणालो, "भाई, ती पैठणी —"

त्याचा चेहरा एकदम उतरला. "चल, चल, हलवा घ्यायचा राहिलाय, दुकान बंद होईल," म्हणत तो तरातरा खाली गेला. चपला घालायलाही थांबला नाही, हातात घेऊन निघाला.

मला वाटलं, अजून राग आहे. असणारच. बंदरापर्यंत खातूनबी एकटीच बोलत होती.

पाच वाजता शिडीपाशी भाईने हलव्याचा डबा तिच्या हातात दिला, तिला पुढे जाऊ दिलं. मग माझा दंड धरला, टोचलेला, सुजलेला. कानाशी येऊन काही बोलला. भोंगा झाला. लोक मागून ढकलत होते. मी दोन शब्द बोललो आणि शिडी चढलो.

काय ते आज लिहवत नाही. माझं पाच शब्दांचं तसंच राहिलं.

१३ फेब्रुवारी

खातूनबी विचारते, शेवटी काय म्हणाले हो भाई? म्हटलं, दुआ करायला सांगितली.

१६ फेब्रुवारी

पाणीच पाणी. पत्र लिहायला चारदा बसलो. पण वाचणार कोण? गाडीवानांच्या अड्ड्यावर कुणीतरी चार माणसांत मोठ्याने वाचून दाखवणार, आणि भाई तिथं उभा राहून ऐकणार. परतीची बोट कराचीला थांबत नाही, खलाशाला विचारलं. फाडून टाकलं.

लोक आत्तापासूनच हाजीसाब म्हणू लागलेत. नको म्हटलं तर म्हणतात, किती नम्र माणूस!

१८ फेब्रुवारी

खातूनबी मजेत आहे. डेकवरच्या बायकांना कराची सांगत असते. "माझे जेठ आहेत तिथं, अख्खं शहर दाखवलं त्यांनी." एकीने विचारलं, "भाऊ-भाऊ फार जवळचे दिसतात?" म्हणाली, "फार."

२२ फेब्रुवारी

उद्या अंघोळ करून एहराम, दोन पांढरी वस्त्रं. त्याआधी लिहितो.

भाई म्हणाला होता, "खाजा, तू कधी खोटं बोलत नाय. एकोणीस वर्सं इचार केला. इडी माझीच असणार. कुराणावर खोटी शपथ खाल्ली मी. काबेसमोर माझ्यासाठी रड, आन् आधी तू मला माफ कर."

मी म्हणालो, "माफ केलं."