काकूच्या हातचं

आई, तुझ्या अंगावरच्या फोडांचं नाव मला यंदा कळलं. पेम्फिगस. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या गालाच्या आतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला, तेव्हा मी मनात एक नाव आधीच धरून बसले होते, आणि ते आजाराचं नव्हतं. दिवाळीत खोडदहून काकूनं फराळाचा डबा पाठवला होता. माझं तोंड आलं ते त्यानंतरच. इतकी वर्षं मंचरला संसार केला, त्याआधी मिशनच्या शाळेत सिस्टरांच्या हाताखाली विज्ञान शिकले, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो तुझ्यासारखाच.

तुझं ते शेवटचं वर्ष अजून डोळ्यांपुढे आहे: मे महिना आहे, मी बोर्डिंगमधून घरी आलेय. तू ओसरीवर पालथी पडलेली, पोलक्याची पाठ उसवून ठेवलेली, कारण कापड नुसतं घासलं तरी फोड फुटतो. कित्येक दिवस दूधभातावर आहेस. आत काकू, तुझी धाकटी जाऊ, माझ्यासाठी मासवड्या थापतेय. वास आला तशी तुलाही इच्छा झाली. रश्शाचा पहिला घास तोंडात गेला आणि तू ताट लोटून दिलंस. ‘हिनं काहीतरी कालवलंय,’ म्हणालीस. पुढच्या मंगळवारी अंगात येणाऱ्या बाईनंही घरातलाच हात आहे असं सांगितलं, आणि अंगणात तुझी वेगळी चूल मांडली गेली. मी काकूच्या पातेल्यातली एक वडी उचलली तर तू माझ्या हातावर चापट मारलीस. अगदी हलकी, पण तेवढ्यानंही तुझ्याच बोटाची साल निघाली. नवरात्र यायच्या आत तू गेलीस. काकूच्या हातचं पाणीसुद्धा मग आमच्या घरात कुणी घेतलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते असं. कातडीच्या पेशी एकमेकींना प्रथिनांनी धरून असतात. मला फुगडी आठवली. हात घट्ट आहेत तोवर दोघी उभ्या. शरीराचे राखणदार कधीकधी या हातांनाच वैरी समजतात आणि ते सोडवतात. सुटलेल्या जागेत पाणी भरतं, तोच फोड. जखम भरून येते तीही पेशींनी पुन्हा एकमेकींना धरल्यामुळे, आणि अशीच पकड सुटली की कर्करोगाच्या पेशी जागा सोडून अंगभर फिरतात. हे सगळं आतल्या आत होतं, बाहेरचा कुणी लागत नाही. तुझ्याबद्दल आता खात्रीनं सांगता येणार नाही म्हणाल्या, पण लक्षणं हीच. मला गोळ्या दिल्यात. फोड सुकताहेत.

हे काकूला सांगायला मी गेल्या आठवड्यात खोडदला गेले. ती पडवीत लसूण सोलत बसली होती, समोर कांद्याचं रान, त्यापलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या. आजारच होता काकू, कुणाचा हात नव्हता, मी म्हणाले. ती सोलायची थांबली नाही.

‘लई लवकर आलीस, पोरी. आता कुणाला सांगू? घरातलं तर कुणी ऱ्हायलं न्हाई. त्या दुर्बिणीला सांगू?’

पुढची पाकळी सोलता सोलता तीच म्हणाली, ‘पर मिरची मी मुद्दाम जास्त घातली व्हती त्या दिशी. तुझी आई सकाळी माझ्या माहेरावर बोलली व्हती.’

आईच्या तोंडात फोड होते हे तुला माहीत होतं का, मी विचारलं.

‘तोंड आलंय येवढं माहीत व्हतं,’ काकू म्हणाली. ‘मरंल असं न्हाई वाटलं.’

म्हणजे तुझ्या जिभेला त्या दिवशी कळलं ते खोटं नव्हतं. आणि काकूनं तुला मारलंही नाही. दोन्ही खरं आहे, पण माझ्या मनात ते एका जागी बसत नाही. मी तिला माफ करायला गेले होते की तिची माफी मागायला, तेही आता नीट आठवत नाही.

मी निघायला उठले तशी तिनं दोघींचा चहा टाकला. निवू दे, तुझं तोंड पोळंल, म्हणाली. मी बशीत ओतून फुंकर घालत राहिले. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून तुला सांगते: मी चहा निवायची वाट पाहत नव्हते. तिनं आधी एक घोट घ्यावा, याची पाहत होते.