पेन्सिलीनं लिहिलेली वही

मस्तगड, जुना जालना
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय तृप्ती,

सप्रेम नमस्कार. पुढे ‘तू मजेत असशील’ असं लिहायचा रिवाज आहे. मला ते माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. मी ठीक आहे. आईचा गुडघाही आता बरा आहे. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, तेव्हा हे पत्र राजूरला देवळाजवळच्या तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. नारळ-हारांच्या गर्दीत हरवलं नाही तर तुला मिळेल.

बातमी अशी की मी एक्सेल शिकते आहे. तू हसशील, कारण प्रयोगशाळेत तीन वर्षं सगळ्या शीट मीच बनवत होते आणि तू म्हणायचीस, ‘मला ते कॉम्प्युटर नको बाई, मी आपली बियाणं मोजते.’ नोकरीच्या अर्जातही मी ‘एक्सेल येते’ असं लिहिलं होतं. खरं तर मला रकाने रंगवता येत होते आणि बेरीज करता येत होती. बाकी काहीच येत नव्हतं, हे पहिल्या तासातच कळलं.

कम्युनिटी कॉलेजचा तीन महिन्यांचा कोर्स आहे. दर रविवारी दहा ते एक, आमच्याच गल्लीच्या टोकाला, कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर. कंपनीनं सांगितलं म्हणून जाते. राजानंद सर शिकवतात. एका नंबरावरून दुसऱ्या पानावरची माहिती शोधून आणायचं सूत्र त्यांनी आज दाखवलं. तुला काय सांगू, मी घरी येऊन जेवायच्या आधी ते पुन्हा करून बघितलं. दोनशे ओळी, एक सूत्र, आणि सगळं आपापल्या जागी. मी ते पुसलं आणि परत केलं, फक्त बघायला. आई म्हणाली, ‘काय गेम खेळून राह्यलीस का?’

शेजारच्या कॉम्प्युटरवर गिरिजाबाई बसतात. पन्नाशीच्या आहेत, अंगणवाडी चालवतात. मुलांची वजनं शीटमध्ये भरायला शिकायचंय म्हणून आल्या आहेत. मला ‘इंजिनेर बाई’ म्हणतात. मी इंजिनियर नाही, डिप्लोमावाली आहे, हे दोनदा सांगितलं, उपयोग नाही. केलेलं परत फिरवायचं बटण सरांनी दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘सर, ह्ये बटण घरी पाहिजे होतं. सासूबाईसंगं बोलून झालं की दाबायचं.’ सगळा वर्ग हसला. मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र ते वाक्य डोक्यात राहिलं.

सप्टेंबरात तुला प्रयोगशाळेतून काढलं, त्याबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही. एवढंच सांगते की तुझ्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही, आणि तुझ्या नोंदवह्या कपाटात आहेत तशाच आहेत.

कळावे.
प्रियदर्शनी


मस्तगड, जुना जालना
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६

प्रिय तृप्ती,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. हे मात्र पूर्ण वाच. वाचताना राग आला तर बाजूला ठेव आणि नंतर वाच, पण वाच.

आधी एक दुरुस्ती. कोर्सला कंपनीनं पाठवलं असं मी लिहिलं होतं. ते खोटं. मी स्वतः गेले, स्वतःची फी भरून. तू जाताना गेटपाशी जे म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ‘दर्शे, एकसष्ट नंबरच्या गुंडाळ्या उघडल्या तेव्हा बुरशीचा वास आल्ता. तू बी तिथंच होतीस. तो लॉट एक्याण्णव टक्के कसा उगवंल?’ मी म्हणाले होते, ‘शीटमध्ये आहे ते आहे.’

आता रविवारचं ऐक.

सर सॉर्ट शिकवत होते, म्हणजे यादी क्रमानं लावणं. गिरिजाबाईंनी एका रकान्यात मुलांची नावं भरली होती आणि दुसऱ्यात वजनं. मधला एक रकाना रिकामा सोडला होता, मोकळं दिसावं म्हणून. नावं अकारविल्हे लावायला त्यांनी बटण दाबलं आणि क्षणभरात ओरडल्या, ‘सर, ह्ये बिघडलं. आमचा वेदांत नऊ किलोचा हाय, ह्यात त्याला सतरा दाखवून राह्यलंय.’

सर आले, पाहिलं आणि म्हणाले, ‘काकू, मधला रकाना रिकामा ठेवलात ना? मशीनला वाटलं पलीकडचे आकडे वेगळ्या यादीचे आहेत. त्यानं नावं हलवली, वजनं जागेवरच राहिली.’

‘वेगळे कसे? एकाच लेकराचं नाव अन् वजन हाय ते.’

‘तुम्हाला माहीत आहे. त्याला सांगावं लागतं.’

‘मंग त्यानं इचारायचं तरी.’

‘शेजारी-शेजारी असते तर विचारलं असतं. रिकामा रकाना असला की विचारत नाही.’

तृप्ती, मी तिथे बसले होते आणि मला माझी एप्रिलची शीट दिसत होती. डावीकडे लॉट नंबर, उजवीकडे उगवणशक्तीचे टक्के आणि मध्ये एक रिकामा, फिका निळा रकाना. तो मीच सोडला होता. छान दिसतो म्हणून. बियाणं रुजवायला ठेवलेल्या ओल्या कागदाच्या गुंडाळ्या तू ज्या क्रमानं उघडायचीस त्याच क्रमानं वहीत लिहायचीस, खालच्या ट्रेपासून वर. मी ते तसंच टाइप केलं आणि मग अहवाल नंबरवारी दिसावा म्हणून लॉट नंबर क्रमानं लावले. फक्त लॉट नंबर.

त्यानंतर मी शीट तपासली होती, हेही खरं आहे. तुझ्या वहीतल्या चोवीस आकड्यांची सरासरी काढली, माझ्या चोवीस आकड्यांची काढली. जुळली. जुळणारच होती. आकडे तेच होते, त्यांच्यापुढचे नंबर तेवढे बदलले होते. गिरिजाबाईंना ते क्षणात दिसलं, कारण त्यांना प्रत्येक मूल माहीत आहे. मला फक्त सरासरी माहीत होती.

सोमवारी मी कपाटातून तुझी वही काढली. वहीतले आकडे तुझ्याच क्रमानं, वरून खाली, एका रकान्यात भरले. शेजारी शीटमधले आकडे, जसेच्या तसे. तिसऱ्या रकान्यात सूत्र लावलं, दोन्ही सारखे आहेत का. चोवीस ओळींत चोवीस वेळा ‘ट्रू’ आलं. मी उठून बाहेर गेले, पाणी प्यायले, परत येऊन पुन्हा केलं. पुन्हा चोवीस. आयुष्यात कुठला निकाल पाहून मला एवढा आनंद झालेला नाही, दहावीचासुद्धा नाही. दोन-तीन मिनिटं फक्त आनंद होता. लाज त्यानंतर आली. क्रम असाच होता, म्हणून असाच लिहिते.

याचा अर्थ काय ते नीट सांगते. जुलैमध्ये शेतांवरून तक्रारी आल्या. शीटमध्ये एकसष्ट नंबरपुढे एक्याण्णव होतं, तुझ्या वहीत अठ्ठावन्न. वही पेन्सिलीत होती. मग आणखी ओळीही जुळेनात. चौकशीत ठरलं की तक्रार आल्यावर स्वतःला वाचवायला तू आकडे खोडून बदललेस. पण कोणी मागाहून आकडे बदलले असते, तर शीटमधले आकडे तुझ्या वहीच्या क्रमानं ओळीनं निघालेच नसते. हा क्रम एकाच प्रकारे येऊ शकतो: वही आधीपासून अशीच होती आणि नंबर मी हलवले. अठ्ठावन्न टक्क्यांचा तो लॉट माझ्या शीटमुळे विकला गेला. तू पहिल्या दिवशी लिहिलंस तेच खरं होतं.

आणि पेन्सिल. उगवण कक्षात भिंतींना पाणी सुटतं, ओल्या हातानं लिहिलं की शाई पसरते, म्हणून तू पेन्सिल वापरायचीस. हे मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यात माझं शाईचं पान खराब झालं तेव्हा तूच मला तुझी पेन्सिल दिली होतीस. चौकशीत मॅनेजर अण्णासाहेबांनी विचारलं, ‘पेन्सिल कशाला?’ तू माझ्याकडे पाहिलंस. मी टेबलाकडे पाहिलं. शीटमधली चूक मला तेव्हा माहीत नव्हती. पेन्सिलीचं कारण माहीत होतं. पहिली गोष्ट चूक आहे. दुसरीला मी चूक म्हणणार नाही.

आज सकाळी मी हे सगळं दोन पानांत लिहून, शीटसकट, मुख्य कार्यालयाला मेल केलं. मग छापील प्रत घेऊन अण्णासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा काढला.

‘पोरी, खाली तुझी सही हाय. उद्या तुझी खुर्ची जाईल. घेऊन जा घरी. मी काय पाह्यलं न्हाई.’

‘सर, मुख्य कार्यालयात सकाळीच मेल गेलाय. ही तुमची प्रत.’

त्यांनी चष्मा परत चढवला. ‘बिलकुल पक्कं काम करून आलीस की.’

‘मागच्या वेळी नव्हतं केलं.’

दुपारी उत्तर आलं. सोमवारी, २३ तारखेला, सकाळी अकरा वाजता फेरचौकशी आहे. तुलाही पत्र येईल. माझं काय होईल ते ठाऊक नाही. घरी आईला सांगितलं. तिनं पोळी उलटली आणि म्हणाली, ‘तृप्तीला आधी कळव.’ म्हणून लगेच लिहायला बसले.

तू यावंस असं मी म्हणत नाही. मला भेटायला तर नाहीच. पण तुझी वही तिथे टेबलावर असेल, आणि ती कशी वाचायची हे तुझ्याइतकं कोणालाच सांगता येत नाही. खालच्या ट्रेपासून वर. मी त्यांना सांगून ठेवलं आहे की ती त्याच क्रमानं वाचायची.

चोवीस ओळींचं पान सोबत जोडलं आहे. लॉट नंबर, तुझा आकडा, माझ्या शीटमधला आकडा, फरक. एकवीस ओळींत फरक आहे, तीन ओळी योगायोगानं जागेवर राहिल्या. या वेळी मध्ये रिकामा रकाना सोडलेला नाही. मी ते पानही पेन्सिलीनं लिहिणार होते. मग वाटलं, नको. हे खोडता येता कामा नये.

तृप्ती गणेशराव यांच्या नोंदवहीतील सर्व आकडे पहिल्या दिवसापासून बरोबर होते, आणि हे ठाऊक असण्याइतकी मी त्यांच्या जवळ बसत होते.

लिहून देणार,
प्रियदर्शनी