बोअरमध्ये अक्षता

२७ सप्टें., शनि.
सेक्रेटरीने नोटीस लावली. पुढच्या रविवारी, ५ तारखेला भंगारवाला येणार आणि कंपाउंडमधल्या बंद गाड्या उचलणार. बंद म्हणजे तीन सायकली आणि बाबांची टू-स्ट्रोक डर्ट बाईक. चालू करून दाखवली तर राहील, एवढं वदवून घेतलं. बाबा जेवले नाहीत. दादाचा पुण्याहून फोन, "जाऊ दे ना विद्या, पंधरा वर्षं बंद आहे." जाऊ दे काय? बाबांनी हिच्यावर मातीतल्या शर्यती मारल्यात. आता त्यांचे हात थरथरतात, कपबशी धरवत नाही. म्हणजे काम मी करायचं. मी, जिने लहानपणी पान्याला हात लावला की ओरडा खाल्ला.

२८ रवि.
हेड उघडलं. बाबा स्टुलावर, मी गोणपाटावर. ब्लॉक वर ओढला तर पिस्टनवर उभे ओरखडे, रिंगा चिकटलेल्या. म्हटलं वाट लागली. बाबा मात्र खूश. "खालचा क्रँक बरा आसा. वरचाच गेलाहा. आपण करूया." आपण! एक्केचाळिसाव्या वर्षी हा शब्द ऐकला.

३० मंगळ.
काल ऑफिसमधून निघून मालाडला, जुन्या पार्टवाल्याकडून पिस्टन-रिंगा. आज हाफ डे टाकून भांडुपच्या लेथवाल्याकडे, नव्या पिस्टनच्या मापाने ब्लॉकला बोअर मारून घेतला, म्हणजे आतलं भोक घासून मोठं केलं. तो म्हणतो, "मॅडम, मेकॅनिकला पाठवा, त्याला समजावतो." म्हटलं, मीच आहे, समजवा.

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी
संध्याकाळी पिस्टन बसवला. ब्लॉक अजून वर चढवायचा, म्हणून इंजिनाच्या खालच्या, क्रँकच्या उघड्या तोंडात फडकं कोंबलेलं, आत काही पडू नये म्हणून. मग पाने, हातोडी, गाडी, सगळ्यांची पूजा. बाबा म्हणतात, "देवासमोर तोंड कित्याक बांधतंस? काढ ता फडका." काढलं. त्यांनी देवाला लांबलचक गाऱ्हाणं घातलं, मी आणि आई प्रत्येक वाक्याला "होय महाराजा". शेवटी आईने अक्षता टाकल्या. मूठभर.
ब्लॉक, हेड, सगळं घट्ट केलं. हाताने हळूच किक फिरवली. बाबांचा कान इंजिनाला. "थांब गो. आत काय तरी आसा."
तांदूळ.
मी तोंडाला येईल ते बोलले. आई म्हणे, देवाचंच आहे, काही होत नाही. फडकं कोणी काढायला लावलं ते सगळ्यांना माहीत होतं.

२ गुरु., दसरा
सोनं वाटायला कोणाकडे गेले नाही. सगळं परत खोललं. मी आणि आईने इंजिन उतरवून उलटं धरलं, पेट्रोलने धुतलं. पाच दाणे निघाले. आईला विचारलं, आत किती गेले असतील? म्हणे, "मोजून कोण टाकतं?" पुन्हा धुतलं, दोन दाणे. पुन्हा धुतलं, काही नाही. बाबांनी कान लावून क्रँक फिरवून घेतला, तेव्हा कुठे मान हलवली.
पण ब्लॉकखालचं पॅकिंग फाटलेलं, आणि दुकानं बंद. बाबांनी जाड कागद मागितला. ब्लॉकवर ठेवला आणि छोट्या हातोडीने कडेकडेने टकटक, टकटक. हात थरथरतच होता, हातोडी आपोआप चालत होती. पॅकिंग अगदी मापात कापलं गेलं. "हात शेवटी कामाक इलो," म्हणाले, आणि स्वतःच हसले. मला रडू आलं, ते पेट्रोलच्या वासावर ढकललं.

४ शनि.
सगळं बसलं. फडकं या वेळी शेवटपर्यंत कोणी काढलं नाही.

५ रवि.
भंगारवाला नऊला आला. माझ्या किका चालूच. दहा झाल्या, पंधरा झाल्या, पोटरी भरून आली. सेक्रेटरी घड्याळ बघतोय. बाबा म्हणाले, "चोक बंद कर, आता मार."
पेटली. अख्खं कंपाउंड निळ्या धुराने भरलं, सेक्रेटरी खोकत बाजूला, वरून बायका ओरडतायत. भंगारवाला जवळ येऊन ऐकत उभा राहिला. "इसको कौन भंगार बोला?" आणि सायकली घेऊन गेला. मी खूप वर्षांत इतकी खूश झाले नव्हते.
नवीन बोअर, म्हणजे पहिले काही तास हळू चालवून रनिंग करावं लागतं. बाबांनी आतून स्वतःचं जुनं हेल्मेट आणलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. "येत्या रविवारी कर्जतच्या मैदानात. मी बघूक येतंय."
गिअरची गाडी मला येत नाही. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.