‘जी’ काढावा, नाते काढू नये

प्रति,
मा. पुरवठा अधिकारी साहेब,
तालुका कचेरी, शिरूर,
जिल्हा पुणे.

अर्जदार : रंभा चांगदेव मुंजाळ, वय अदमासे चाळीस, धंदा शेती, जात बाईची, राहणार पाखरवस्ती, कवठे येमाईजवळ, तालुका शिरूर.

विषय : शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख पुरुष लागला आहे तो स्त्री करून मिळणे, मात्र पत्नी आहे ती तशीच राहू देणेबाबत.

संदर्भ : मोहिमेच्या जीपगाडीच्या आमच्या वस्तीवरील वारंवार भेटी.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदाराची हकिकत येणेप्रमाणे. हा अर्ज कचेरीबाहेर बसणारे अर्ज लिहिणारे बन्सी यांनी लिहिला आहे. बोलणे जसे झाले तसेच घालावे, असा अर्जदाराचा हट्ट असल्याने भाषेत काही कमीजास्त असल्यास तो दोष बन्सी यांचा समजू नये.

अर्जदार पाखरवस्तीवर शेवंती व कांदा करते. अर्जदाराचे यजमान चांगदेव लग्नानंतर थोड्याच दिवसांत पान लागून, म्हणजे साप चावून, वारले. सोबत राहणाऱ्या अंजना म्हाळू उघडे ह्या दौंडच्या. त्यांचे यजमान रेल्वेत खलाशी असून त्यांनी दुसरी बायको आणली व अंजनाबाईंना घराबाहेर काढले. अंजनाबाईंनी हातातल्या बांगड्या उतरवून नळावर ठेवल्या आणि शेळ्या पाळून पोट भरू लागल्या. दौंडच्या बाजारात अर्जदाराने त्यांच्याकडून एक शेळी घेतली. शेळी अंजनाबाईंवाचून पाऊल टाकीना, सबब त्या एस.टी. स्टँडपर्यंत पोहोचवायला आल्या. शेळी गाडीत चढेना, म्हणून त्याही चढल्या. शिरूरला उतरल्यावर शेळीने रस्त्यातच बसकण मारली, म्हणून त्या वस्तीपर्यंत आल्या. पुढे शेळी वारली. अंजनाबाई आहेत.

तेव्हापासून दोघींची चूल एक, वाकळ एक आणि भांडणही एकच, ते म्हणजे वाकळ कुणी ओढली. आल्यानंतर लवकरच अंजनाबाईंनी पुन्हा हिरव्या बांगड्या भरल्या. कुणाच्या नावानं, असे कासारणीने विचारले तेव्हा त्यांनी अर्जदाराकडे मान केली. कासारणीने थोडा वेळ विचार केला आणि दोन बांगड्या जास्तीच्या भरल्या. वस्तीवर कुणाला ह्यात वावगे वाटले नाही, किंवा वाटले असल्यास ते त्यांनी त्यांच्या घरात बोलून घेतले.

नवीन शिधापत्रिका झाल्या तेव्हा तात्पुरते नेमलेले एक कारकून बांधावर आले. भले गृहस्थ होते, त्यांचा दोष नाही. अर्जदार त्या वेळी धोतराचा काचा मारून, डोक्याला मुंडासे गुंडाळून औतामागे होती.

“कुटुंबप्रमुख कोण?” त्यांनी विचारले.

अंजनाबाईंनी औताकडे बोट केले. मोठ्या माणसाशी अदबीने बोलावे म्हणून म्हणाल्या, “रंभा, जी.”

“आणि तुम्ही?”

“मी तिच्या घरातली.”

वारा सुटला होता. ‘तिच्या’चे वाऱ्यावर काय झाले ते सांगता येत नाही. कारकुनांनी लिहिले : कुटुंबप्रमुख रंभाजी, पुरुष; अंजना, पत्नी. घरी येऊन अर्जदाराने कार्ड वाचले. नाव चुकले होते, पुरुष चुकला होता. अंजनाबाईंनी त्याखालच्या ओळीवर बोट ठेवले. “आन् हितं काय लिवलंय?” अर्जदाराने वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. त्या दिवशी घरात गुळाच्या पोळ्या झाल्या, आणि दुरुस्तीचे राहूनच गेले.

पुढे त्या कार्डावर साखर, रॉकेल सुरळीत येत गेले. यंदा मात्र कुटुंबनियोजनाच्या मोहिमेची जीपगाडी वस्तीवर आली. शस्त्रक्रियेस योग्य अशा नवऱ्यांत रंभाजी ह्यांचे नाव निघाले होते.

“रंभाजी कुठाय?”

“मीच रंभा,” अर्जदार म्हणाली.

“तुम्ही बहीण दिसता. भावाला कुठं दडवलाय?”

त्यांनी ज्वारीची कणगी उपसली, विहिरीत वाकून हाका मारल्या आणि कडब्याची गंजी विसकटली. गंजीतून रंभाजी निघाले नाहीत. आमची हरवलेली कोंबडी अंड्यांसकट निघाली, त्याबद्दल अर्जदार मोहिमेची आभारी आहे. अंजनाबाईंनी हात जोडून सांगितले, “अहो साहेब, इतक्या वरसांत एक पोर न्हाई झालं आमाला. कशाला करता आपरेशन?” त्यावर त्यातले चष्मेवाले म्हणाले, “म्हणजे आता कधीही होईल.” आणि नावाखाली रेघ ओढली.

जीपगाडी पुन:पुन्हा येऊ लागली, तसे शेजारचे बाळासो वैतागले. पीडा टळावी म्हणून त्यांनी ठोकून दिले, “रंभाजी व्हय? त्यो दौंडाला रेल्वेत लागलाय.” जीपगाडी दौंडला गेली. दैवयोगाने तेथे एक रंभाजी सापडले. ते नातवंडांचे आजोबा असून कानाने अधू होते. शस्त्रक्रिया केल्यास बादली मिळते एवढे त्यांना नेमके ऐकू आले आणि ते आपण होऊन गाडीत बसले. डॉक्टरांनी वय पाहून त्यांना खाली उतरवले. बादली मात्र त्यांनी सोडली नाही असे समजते.

मग वस्तीच्या दुकानदाराने साखर व रॉकेल बंद केले. “आधी रंभाजीचा आपरेशनचा दाखला आणा, मंग कारड पुढं करा,” असे तो म्हणू लागला. अर्जदाराने ज्याला त्याला उपाय विचारला. पोलीस पाटील पोपटरावआप्पा म्हणाले, “सोपं हाय. रंभाजीला मारून टाका. मी मयताचा दाखला देतो, तुम्ही चार दिवस रडा.” अर्जदारास हे पटले होते. पण रंभाजी मेल्यावर अंजनाबाईंना बांगड्या फोडाव्या लागतील, हे आप्पांच्या मंडळी शेवंताबाई ह्यांनी चहा देता देता काढले. अंजनाबाई पाटावरून उठल्या.

“ही जिती माझ्यापुढं बसलीया, चा पितीया, आन् मी बांगड्या फोडू? त्यापरीस तुमचं कारडच फाडा.”

घरी आल्यावर अर्जदाराचा हात धरून बराच वेळ बसल्या. अर्जदाराने शेवटी, “अगं, दूध उतू गेलं,” म्हटले तेव्हा कुठे उठल्या.

नंतर दोघी शिरूरच्या एका वकिलांकडे गेल्या. त्यांनी सांगितले की यंदाच कायद्यात नवी सोय झाली असून नवराबायको दोघे राजी असल्यास सामोपचाराने काडीमोड मिळतो. “पण त्याला आधी लग्न लागलेलं असावं लागतं,” ते म्हणाले. अर्जदार म्हणाली, “मग लावून द्या की.” वकीलसाहेबांनी कायद्याचे पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळले. दोन बायकांचे लग्न लावावे असे त्यात कुठे नव्हते. त्यांनी पंखा मोठा केला आणि म्हणाले, “बाई, लग्न नाही म्हणून मोडता येत नाही, आणि मोडायचं तर तुम्ही राजी नाही. माझी फी नको, पण परत येऊ नका.”

अखेर अर्जदार स्वत: शिरूरच्या शिबिरात जाऊन रंभाजी ह्या नावाने हजर झाली आणि रांगेत पुरुषांच्या बाजूला उभी राहिली. पुढचे दोघे आपला नंबर सोडून मागे गेले. डॉक्टरांनी अर्जदारास पडद्याआड नेले, लगेच बाहेर आले आणि खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांनी दिलेला दाखला सोबत जोडला आहे. त्यात ‘सदर रंभाजी ह्या स्त्री असल्याने शस्त्रक्रिया करण्याजोगे काही आढळले नाही’ असे स्वच्छ लिहिले आहे. सबब रंभाजी ह्यांच्यापासून देशाच्या लोकसंख्येस कोणताही धोका नाही, हे ध्यानी घ्यावे.

आता मुख्य अडचण. पुरुषाची स्त्री केली की ‘पत्नी’ ही ओळ आपोआप कटते, आणि अंजनाबाईंचे कार्ड वेगळे निघते, असे बन्सी सांगतात. बहीण लिहावे म्हटले, तर अंजनाबाईंचे बंधू तात्याबा हे अर्जदाराचेही बंधू होतात, आणि ते तर टपूनच बसले आहेत. “कारडावर एकली झाली की घेऊन जातो. केंदूरला एक बिजवर बघून ठेवलाय,” असे ते उघड बोलतात. अर्जदार उद्या मेली तर जमीन चांगदेवांच्या पुतण्यांकडे जाणार, हे कायद्याने ठरलेले आहे. अंजनाबाईंना म्हाळूने कागद न करता टाकले, अर्जदाराने कागद न करता ठेवले. दोघींची नावे एकाखाली एक लिहिलेला सरकारी शिक्क्याचा कागद जगात हा एवढाच आहे. लिहायला ह्याहून खरा शब्द आपल्या माहितीत असल्यास अर्जदार तो मान्य करील.

तरी विनंती की, नावातला ‘जी’ काढावा, पुरुषाची स्त्री करावी, साखर व रॉकेल चालू करावे आणि त्या ओळीला हात लावू नये. कुटुंबप्रमुख बाई असू नये असा नियम नाही. कुटुंबप्रमुखाला पत्नी असू नये असाही नियम नाही. दोन्ही एकत्र आल्याने काय बिघडते, ते आपण सवडीने पाहावे.

हे येथवर लिहून झाल्यावर बन्सी म्हणाले की, असा अर्ज वर पुण्याला जाईल, तिथून मुंबईला, आणि कायदा बदलल्याशिवाय त्यावर सही करायला कुणी धजणार नाही. अर्जदाराचा धीर सुटला. तेव्हा अंजनाबाईंनी त्यांना विचारले, “निकाल लागंस्तवर जुनं कारड चालतं का?”

“चालतं. अर्जाची पोच दाखवली की दुकानदाराला माल द्यावा लागतो, आणि मोहिमेची मंडळीपण हात लावत नाहीत.”

“मंग निकालाची घाई कुणाला हाय?”

बन्सी यांनी टाक खाली ठेवला. मग उचलून पुढील मजकूर लिहिला, तोच अर्जदाराची खरी मागणी समजावी : ह्या अर्जाची पोच आजच मिळावी. अर्ज नीट बांधून वरच्या फळीवर, जिथे वाळवी लागणार नाही अशा जागी ठेवावा. आपली बदली झाल्यास नव्या साहेबांना त्याची आठवण देऊ नये. सरकारला कायदा बदलायला जितका वेळ लागेल तितका लागो. अर्जदार व तिची पत्नी थांबायला तयार आहेत. दोघींना घरी पुष्कळ काम आहे.

कळावे, लोभ असो वा नसो, पोच असावी.

आपली आज्ञाधारक,
रंभा चांगदेव मुंजाळ (सही)
अंजना (डाव्या अंगठ्याची निशाणी, तिने स्वत:हून केली, अर्जदाराने सांगितले नव्हते)

शिरूर, सप्टेंबर १९७६

सोबत : १) डॉक्टरांचा दाखला. २) कार्डाची नक्कल. मूळ कार्ड अंजनाबाई हातातून सोडत नाहीत. पाहायचे असल्यास त्या व्हरांड्यात बसल्या आहेत.