बंदुकीनंतरचं काम

औरंगाबाद, जून १९५४

तीर्थरूप आबा,

मी बी.ए. झाले. आता हैदराबादला जाऊन वकिली शिकायची आहे, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. निजामाच्या शाळेमुळे तुम्हाला उर्दू वाचता येतं, मराठी नाही, म्हणून ते शेजारच्या काकासाहेबांनी वाचून दाखवलं. परवा आई आली तेव्हा कळलं, की वकिलीची ओळ गाळून ते म्हणाले, "पोरगी लग्नाला तयार हाय." नवरामुलगा अर्थात त्यांचाच लेक.

कॉलेजात मी गेल्या शतकातल्या एका अमेरिकन माणसाचं चरित्र वाचलं. गुलामगिरीविरुद्धच्या युद्धात तो शिपाई होता. घरी परतल्यावर एका वकिलाच्या कचेरीत बसून कायदा शिकला आणि पुढे विधिमंडळात निवडून गेला. युद्ध संपलं, आता कायदा कशाला, असं लोक विचारत. तो म्हणे, गुलामीतून सुटलेल्या माणसाच्या बाजूनं कोर्टात कुणीतरी उभं राहायला हवं.

आबा, तुम्हीही निजामाविरुद्ध सरहद्दीच्या कॅम्पात बंदूक घेऊन लढलात. पोलीस ॲक्शननंतर घरी येऊन म्हणालात, "आता कायदा बी आपलाच." पण आपल्या गावात तो अजून कुणी वाचलेला नाही. त्या माणसानं एका जन्मात तीन कामं केली. आपल्या घरातलं पहिलं तुम्ही केलंत, दुसरं मी करते. तिसऱ्याचं नंतर बघू.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या गंगापूरच्या मोटारीनं घेऊन येते आणि तुमच्यापुढं बसून वाचते. काकासाहेबांनाही बोलावून घेते. मी एकही ओळ गाळणार नाही.

तुमची लेक,
मथुरा